विश्लेषण : घोडापालनाला ५० टक्के अनुदान, पण भोकरदनमध्ये तयार झालेला घोडा विकत घेणार कोण?

अमेरिकेत ‘रोडिओ’साठी घोडे तयार करणारी कुटुंबे घोड्यासोबत त्याच्या कामाची नोंद विकतात. आपल्याकडे यात्रेतला भाव अजून रंग, भोवरी आणि शब्दावर ठरतो. अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वी हा फरक समजून घेणे का गरजेचे आहे?

शेळी, मेंढी, कुक्कुट आणि वराहपालनाला अनुदान देणाऱ्या राष्ट्रीय पशुधन अभियानात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचाही समावेश केला. मका, कापूस आणि मिरचीच्या भावावर वर्षाचे गणित टांगलेल्या भोकरदन तालुक्यातील शेतकऱ्याला हा नवा जोडधंदा वाटू शकतो. ‘निम्मे पैसे सरकार देणार’ एवढे वाचले की हिशेब सोपा दिसतो. मात्र, अनुदानातून तबेला उभा राहतो, घोड्या येतात; गिऱ्हाईक येत नाही. ते कसे तयार होते, हे पाहण्यासाठी जगातील सर्वांत यशस्वी घोडापालकांकडे पाहावे लागेल.

नेमकी योजना काय आहे?

या चार जनावरांच्या पैदाशीचा उद्योग सुरू करण्यासाठी प्रकल्पाच्या भांडवली खर्चावर ५० टक्के अनुदान मिळू शकते. त्याची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. वैयक्तिक शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, संयुक्त दायित्व गट आणि कलम ८ खालील कंपन्या अर्ज करू शकतात. याशिवाय घोडा, गाढव आणि उंट यांच्यासाठी वीर्य केंद्र व पैदास केंद्र उभारण्यास केंद्राकडून १० कोटी रुपयांची तरतूद आहे.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, अनुदान हप्त्यांत मिळते आणि उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून किंवा स्वतःच्या खिशातून घालावी लागते. दोन, अनुदान भांडवली खर्चासाठी आहे. जमीन खरेदी, जागेचे भाडे आणि रोजचा खेळता खर्च त्यात धरला जात नाही. घोडापालनात मोठा खर्च असतो तो नेमका हाच रोजचा.

‘रोडिओ’ आणि ‘रोपिंग’ म्हणजे काय?

‘रोडिओ’ हा मूळ स्पॅनिश शब्द आहे. त्याचा अर्थ जनावरे वळवून एकत्र आणणे. मेक्सिको आणि टेक्सासच्या माळरानांवर हजारो गुरे मोकळी चरत. त्यांना डाग द्यायचा, औषध द्यायचे किंवा बाजारात न्यायचे तर घोड्यावरून पाठलाग करून गळ्यात दोराचा फास टाकावा लागे. गुराख्यांच्या या रोजच्या कामातून स्पर्धा सुरू झाल्या. फास टाकण्याच्या प्रकारांना ‘रोपिंग’ म्हणतात.

त्यातील ‘टीम रोपिंग’मध्ये दोन घोडेस्वार असतात. गोऱ्ह्याला आधी थोडे पुढे सोडले जाते. पहिला स्वार त्याच्या शिंगांवर किंवा गळ्यात फास टाकून त्याला डावीकडे वळवतो. दुसरा मागच्या दोन्ही पायांत फास टाकतो. दोन्ही दोर ताणले गेले आणि दोन्ही घोडे समोरासमोर आले की घड्याळ थांबते. मागचा एकच पाय सापडला तर ५ सेकंदांचा दंड, गोऱ्ह्याला ठरलेले अंतर मिळण्याआधीच घोडा सुटला तर १० सेकंदांचा. कसलेले खेळाडू हे सगळे चार-पाच सेकंदांत संपवतात.

‘टाय-डाउन रोपिंग’मध्ये स्वार एकटा असतो. वासराच्या गळ्यात फास पडताच तो खाली उडी मारतो, वासराला पाडून तीन पाय बांधतो. या काळात घोड्यावर कोणीच नसते. तरीही घोड्याने जागेवर थांबून, पावलापावलाने मागे सरकत दोर ताणलेला ठेवायचा असतो. म्हणजे स्वार खाली उतरल्यानंतरही घोड्याचे काम चालूच असते.

त्यासाठी कसा घोडा लागतो?

पहिल्या काही पावलांत सुसाट सुटणारा, गुरांना न बिचकणारा, इशारा मिळताच मागचे पाय पोटाखाली घेऊन थांबणारा आणि गर्दीत डोके शांत ठेवणारा. हे काम प्रामुख्याने ‘क्वार्टर हॉर्स’ या जातीकडून घेतले जाते. पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर अंतर इतर कोणत्याही घोड्यापेक्षा वेगाने कापतो, म्हणून हे नाव पडले.

या जातीची नोंद ठेवणारी ‘अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन’ १९४० मध्ये स्थापन झाली. टेक्सासमधील किंग रँच ही १८५३ पासूनची कौटुंबिक मालमत्ता. तेथे पैदा झालेला ‘विम्पी’ हा घोडा १९४१ मध्ये फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात अव्वल ठरला आणि वंशावळीच्या नोंदवहीत त्याला पहिला क्रमांक मिळाला. तेव्हापासून आजवर ६० लाखांहून अधिक घोड्यांची नोंद झाली आहे.

रँचवरचे कुटुंब नेमके काय विकते?

वरवर पाहता घोडा. प्रत्यक्षात तीन गोष्टी.

पहिली, वंशावळ. शिंगराचे आई-बाप कोण, त्यांचे आई-बाप कोण, हे नोंदवहीत असते. पैदाशीच्या घोड्याच्या बाबतीत ते डीएनए चाचणीने पडताळले जाते. मालकाच्या शब्दावर कोणी थांबत नाही.

दुसरी, कामगिरी. त्या घोड्याने किंवा त्याच्या भावंडांनी कुठल्या स्पर्धेत काय केले, याची नोंद असते. स्पर्धेत न उतरलेला घोडाही रँचवर रोज गुरे वळवतो. विकत घेणारा त्याला काम करताना पाहतो, स्वतः बसून पाहतो.

तिसरी, निवड. पैदाशीसाठी मोजकेच नर ठेवले जातात. बाकीच्यांचे लहानपणीच खच्चीकरण करून त्यांना कामाचे घोडे बनवतात. असा घोडा शांत असतो, इतर घोड्यांसोबत राहतो आणि नवख्या स्वारालाही सांभाळून घेतो. त्यामुळे त्याला गिऱ्हाईक जास्त. ज्या घोडीची पिल्ले कामाला चांगली निघत नाहीत, ती कितीही देखणी असली तरी पैदाशीतून बाहेर काढली जाते.

थोडक्यात, आज विकलेला घोडा उद्या सकाळी कोणाच्या तरी कामाला जुंपला जाणार असतो. भाव त्या कामाचा असतो.

देखणेपणाला भाव मिळाला तर काय होते?

याचे उत्तरही याच जातीत सापडते. १९६९ मध्ये जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा क्वार्टर हॉर्स पिळदार स्नायूंमुळे गाजला. तो अशा प्रदर्शनांत जिंकायचा, जिथे घोड्यावर कोणी बसत नाही. लगाम धरून उभे करायचे आणि बांधा पाहून गुण द्यायचे. त्याच्यापासून शिंगरे मिळवण्यासाठी रांगा लागल्या.

काही वर्षांनी त्याच्या वंशातील घोड्यांना अचानक थरथर सुटणे, अंग लुळे पडणे, कोसळणे असे झटके येऊ लागले. रक्तातील पोटॅशियमची पातळी बिघडवणारा हा आनुवंशिक आजार ‘इम्प्रेसिव्ह’च्या वंशातून पसरल्याचे संशोधनात स्पष्ट झाले. तोवर त्याची संतती देशभर विखुरली होती. अखेर २००७ पासून, ज्या शिंगरात हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला आहे, त्याची नोंदणी संघटनेने बंद केली.

एकाच देखण्या घोड्याच्या मागे सगळे धावले, काम आणि तब्येत तपासली नाही, तर किंमत पुढच्या पिढ्या मोजतात. यात्रेतल्या प्रसिद्ध घोड्याकडून घोडी लावून घेण्याच्या घाईत असलेल्या प्रत्येकासाठी हा धडा आहे.

महाराष्ट्रात असे उदाहरण आहे का?

आहे, पण ते शर्यतीच्या घोड्यांचे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाने १९४६ मध्ये स्टड फार्म सुरू केला. तिथे पैदा होणारे थरोब्रेड घोडे मुंबई, पुण्यासह देशातील रेसकोर्सवर धावतात. त्यांच्या वंशावळीची देशपातळीवरील नोंदवही पुण्यातून चालते. घोडा कोणाचा, कितव्या शर्यतीत कितवा आला, हे छापील स्वरूपात उपलब्ध असते. म्हणून त्याचा लिलाव होऊ शकतो.

या कुटुंबाच्या कथेतला दुसरा भाग अधिक बोलका आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. धनुर्वात, सर्पदंश अशांवरील प्रतिविष घोड्याच्या रक्तातील द्रवापासून बनते. घोडे आपले, तर औषध आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. पुढे हीच कंपनी जगातील मोठी लस उत्पादक ठरली. काम संपलेल्या घोड्याचे काय करायचे, हा प्रश्न घोडापालनात पहिल्या दिवसापासून असतो, एवढे यातून नक्की कळते.

सारंगखेडा, माळेगावला भाव कसा ठरतो?

भोकरदनच्या शेतकऱ्याला घोड्याचा बाजार म्हटले की दोन नावे आठवतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा आणि नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात खंडोबाच्या नावाने भरणारी माळेगावची यात्रा. दोन्ही मार्गशीर्षात येतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातील व्यापारी तिथे उतरतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांना मोठी मागणी असते.

इथे पारखी आधी दात पाहून वय काढतो. मग खूर, छाती, कान, मान. त्यानंतर रंग : नुकरा, अबलख, कुमैत. चारही पाय आणि कपाळ पांढरे असेल तर पंचकल्याण. गळ्यावरची ‘देवमण’ भोवरी शुभ. काही ठिकाणच्या भोवऱ्या अशुभ. रवाल चाल असेल तर वेगळा भाव, ढोल-ताशावर नाचत असेल तर आणखी वेगळा.

यातील दात, खूर आणि चाल यांची पारख उपयोगाची आहे. जगभर ती केली जाते. भोवरीचा मात्र घोड्याच्या ताकदीशी वा स्वभावाशी संबंध नाही. तरीही चुकीच्या जागी एक भोवरी असली की हजारोंचा फरक पडतो.

दर डिसेंबरमध्ये ‘यात्रेत आला कोटींचा घोडा’ अशी बातमी येते. ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती किंमत बहुतेक वेळा मालकाने सांगितलेली किंवा कोणी मागितल्याचा दावा असलेली असते. त्या किमतीला व्यवहार झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. अशा घोड्याची कमाई विक्रीपेक्षा घोड्या लावण्याच्या शुल्कातून येते. तो आकडा पाहून कोणी १० घोड्यांचा प्रकल्प मांडत असेल, तर पायाच चुकतो.

भोकरदनचे आणि घोड्याचे नाते काय?

नाते जुने आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा तळ भोकरदन ते असई या पट्ट्यात पसरला होता. घोडदळ भोकरदनच्या बाजूला होते. समोर आर्थर वेलस्ली होता, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखला गेला. त्या दिवशी त्याच्या बुडाखालचा एक घोडा गोळीने ठार झाला आणि ‘डायोमेड’ नावाचा दुसरा, अरबी घोडा भाल्याने जखमी झाला.

त्या काळी दख्खनमध्ये घोड्याला एक भक्कम गिऱ्हाईक होते : फौज. सरकारी घोड्यावर लढणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचे उत्पन्न त्याच्या घोड्यावर अवलंबून असल्याने गावोगावी चांगली घोडी जपली जाई. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू याच मागणीतून घडले. अंगाने लहान, खुराचे टणक, कमी चाऱ्यावर डोंगर चढणारे. महाराष्ट्राच्या राज्यगीतातही त्याचा उल्लेख आहे.

मराठा फौजा गेल्या, तसे हे गिऱ्हाईक गेले आणि जातही आटत गेली. ती टिकली ती धनगरांच्या वाड्यांवर. कारण मेंढ्यांमागे कोकण ते देश अशी भटकंती करताना बिऱ्हाड वाहायला तिची गरज होती. आता राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली असून देशातील ती आठवी नोंदणीकृत अश्वजात आहे.

देशपातळीवरचे चित्रही हेच सांगते. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६.२५ लाख घोडे व तट्टे होती. २०१९ मध्ये ती ३.४ लाखांवर आली. सात वर्षांत सुमारे ४५ टक्के घट. ट्रॅक्टर, टेम्पो आणि मोटारसायकलने घोड्याचे काम काढून घेतले.

१० घोड्यांचे गणित कसे बसते?

समजा, एखाद्याने १० घोड्या आणि एक वळू घोडा घेतला. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. प्रत्येक घोडी दरवर्षी गाभण राहीलच असे नाही. गर्भपात आणि शिंगरांची मरतूकही धरावी लागते. म्हणून वर्षाला ६ शिंगरे हाती लागतील, असे मानू.

शिंगरू ६ महिन्यांचे झाले की आईपासून तोडता येते. पण पाठीवर स्वार घेण्यासाठी साधारण ३ वर्षांचे व्हावे लागते. त्याआधी बसवले तर पाय आणि पाठ बिघडते. म्हणजे घोडी लावल्यापासून पहिला शिकवलेला घोडा विक्रीला येईपर्यंत जवळपास ४ वर्षे जातात.

त्या दिवशी तबेल्यात किती जनावरे असतील? चार वर्षांची मिळून २४ शिंगरे व तरुण घोडे, अधिक मूळचे ११. एकूण ३५. तोवर एकही तयार घोडा विकलेला नाही आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरू झालेले आहेत. मधल्या काळात ६ महिन्यांची शिंगरे विकता येतात; पण नोंदणीचा कागद नसेल तर व्यापारी मागेल त्या भावाने.

चारा-पाण्याचा भार किती?

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा आहार लागतो. ३५० किलोच्या घोडीला ७ किलो. १० घोड्यांना दिवसाला ७० किलो, वर्षाला सुमारे २५ टन. पाणी प्रत्येकी ३० लिटर धरले तर १० घोड्यांना दिवसाला ३०० लिटर. उन्हाळ्यात आणि दूध पाजणाऱ्या घोडीला त्याहून अधिक. दानापूरच्या जुई धरणाची पातळी उन्हाळ्यात किती खाली जाते, हे भोकरदनकरांना सांगायला नको. कडबा, हरभरा आणि टँकरचा गावातला दर लावून हा आकडा आपला आपण गुणून पाहावा.

तालुक्यात मका मुबलक असल्याने तोच घोड्यांना घालावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथे सावधगिरी हवी. बुरशी लागलेला मका बैलाला कदाचित पचेल, घोड्याला नाही. त्यातील विषाने घोड्याच्या मेंदूला इजा होते आणि तो दगावतो. तसेच काही कोंबडीखाद्य व पशुखाद्यात मिसळले जाणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याच्या हृदयासाठी घातक आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे खाण्यातील चूक थेट पोटशुळावर जाते.

कोणत्या आजारांची भीती आहे?

सर्वांत गंभीर म्हणजे ग्लँडर्स. जिवाणूमुळे होणारा हा आजार माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही. जनावर बाधित आढळले तर कायद्यानुसार त्याला दयामरण द्यावे लागते. मालकाला सरकारी भरपाई मिळते, पण ती चांगल्या घोड्याच्या किमतीच्या आसपासही नसते. अंतिम निदान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. परिसरात रुग्ण आढळला की घोड्यांची ने-आण आणि यात्रा यांवर निर्बंध येतात, म्हणजे त्या वर्षाचा बाजार बुडू शकतो.

याशिवाय चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा, जखमेतून होणारा धनुर्वात आणि पोटशूळ हे नेहमीचे शत्रू. धनुर्वाताची लस स्वस्त आहे आणि ती टाळू नये. गायी-म्हशींवर उपचार करणारे डॉक्टर तालुक्यात मिळतात; रात्री दोन वाजता घोडीच्या प्रसूतीला येणारा, घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर आणि महिना-दीड महिन्याने खूर साळणारा नालबंद मिळेल का, हे आधी पाहावे.

इथे ‘रोडिओ’ भरवता येईल का?

वासराच्या गळ्यात फास टाकून त्याला पाडण्याचा खेळ आपल्याकडे कायद्यात बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात जनावराला अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा आहे. बैलगाडा शर्यतीला मिळालेली सूट इथे लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. ही सूट फक्त नियमांच्या चौकटीतील बैलगाडा शर्यतीपुरती आहे. ब्रिटनने तर फास टाकून जनावर पाडण्यावर १९३४ मध्येच बंदी घातली. अमेरिकेतही ‘टाय-डाउन रोपिंग’वर प्राणिप्रेमी संघटनांचा आक्षेप कायम आहे.

म्हणजे तो खेळ इथे आणायचा नाही. घोड्याची कामगिरी मोजून लिहून ठेवण्याची त्यांची पद्धत आणायची.

मग गिऱ्हाईक कोण असू शकते?

मराठवाड्याच्या शंकरपटात फक्त बैलजोडी धावते. पुणे जिल्ह्यातील घाटांत बैलांपुढे घोडी पळते, तिथे वेगवान घोडीला किंमत आहे. लग्नाच्या वरातीला शांत घोडी लागते, पण तो धंदा हंगामी आहे. माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांसाठी मजबूत तट्टू लागते. शहरांतील रायडिंग स्कूलना मुलांना सांभाळून नेणारा, खच्ची केलेला घोडा हवा असतो. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये अश्वदल पुन्हा सुरू केले.

नोंद तयार करण्याच्या दृष्टीने एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची स्पर्धा महत्त्वाची आहे. ४०, ६०, ८० किलोमीटरच्या या शर्यतीत टप्प्याटप्प्यावर डॉक्टर घोडा तपासतात. हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत ठरलेल्या मर्यादेखाली, आंतरराष्ट्रीय नियमांत साधारणपणे मिनिटाला ६४ पर्यंत, आले नाहीत किंवा घोडा लंगडला तर तो बाद. इथे रंग आणि भोवरीला गुण नाहीत. अशा एका स्पर्धेचा निकाल हातात असेल, तर विकणाऱ्याला शपथ घ्यावी लागत नाही. टेंट पेगिंग, म्हणजे धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतील खुंटी उचलण्याच्या खेळातही हीच सोय आहे.

अर्ज करण्यापूर्वी स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत?

१. माझा घोडा कोणत्या कामासाठी? वरात, पर्यटन, रायडिंग स्कूल, स्पर्धा की पैदास? ‘सगळ्यासाठी’ हे उत्तर चालत नाही. जात आणि शिकवण त्यावर ठरते.

२. हे काम करणारे तीन-चार गिऱ्हाईक मला माहीत आहेत का? त्यांनी गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती रुपये मोजले? यात्रेतला सांगितलेला भाव इथे धरू नये.

३. घेणार असलेल्या घोड्यांची जात-संघटनेकडे नोंद आहे का? मायक्रोचिप, वंशावळ आणि ग्लँडर्सचा ‘निगेटिव्ह’ अहवाल पाहिला का?

४. पहिली ४ वर्षे चारा, पाणी, मजुरी आणि हप्ता कुठून देणार? शेतीचे उत्पन्न त्याला पुरेल का?

५. घोडा शिकवणार कोण? जुन्या काळी या कामाला चाबूकस्वार असत. आज असा माणूस मिळत नसेल, तर घरातील कोणीतरी ते शिकायला तयार आहे का?

६. न विकला गेलेला किंवा म्हातारा घोडा कुठे जाणार? घोडा २५ वर्षे जगतो. त्याला अखेरपर्यंत पोसण्याची तयारी आहे का?

यातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल, तर ५० लाखांचा प्रस्ताव बाजूला ठेवून दोन चांगल्या, नोंदणीकृत घोड्यांपासून सुरुवात करता येते. पैदाशीसाठी वळू घोडा पाळण्याचीही गरज नाही. अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील विभागात गोठवलेल्या वीर्याद्वारे कृत्रिम रेतनाचे काम चालते. नोंदणीकृत वळूचे शुल्क देऊनही घोडी लावता येते. प्रत्येक शिंगराची जन्मतारीख, आई-बाप, लसी, आजार आणि पुढे त्याने केलेले काम एका वहीत लिहीत गेले, तर चार वर्षांनी सारंगखेड्याला जाताना घोड्याच्या लगामासोबत ती वहीही हातात असेल.

अनुदानासाठी कोणतेही कागद हातावेगळे करण्याआधी पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून योजनेच्या सध्याच्या अटी आणि जनावरांची किमान संख्या विचारून घ्यावी. अर्ज योजनेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. ‘मंजुरी मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.